कानावरची गाठ आणि घरचे उपाय



गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली, त्या आठवड्यातली ही गोष्ट. नववीच्या वर्गावर माझा मराठीचा तास होता. दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीच्या पांढऱ्या स्कार्फवर, बरोबर डाव्या कानाच्या जागी, पिवळसर डाग दिसला. हळदीचा असेल असे समजून मी सोडून दिले. दुसऱ्या दिवशी स्कार्फ धुतलेला होता, पण डाग पुन्हा त्याच जागी. तिसऱ्या दिवशी ती बाकावर डोके टेकून बसली होती आणि तिची जिवाभावाची मैत्रीण तिच्यापासून वीतभर सरकून बसली होती.

तास संपल्यावर मी तिला शिक्षकांच्या खोलीत नेले, दार लोटले आणि स्कार्फ काढायला सांगितला. ती आधी तयारच होईना. मग हळूच काढला. कानाच्या पाळीवर जांभळट, चकचकीत, बोराएवढी गाठ होती. गाठीच्या मुळाशी काळा दोरा आवळून बांधला होता. दोऱ्याच्या पुढची कातडी काळी पडली होती, मागे ओली जखम होती आणि पाळीच्या कडेला भाजल्यासारखा चट्टा.

"हे काय लावलेस ग?"

"चुना, टीचर. चुना आणि सोडा. दादीने लावला. मस गळून पडतो तशी गाठही पडेल म्हणाली."

हळूहळू सगळी हकिकत कळली. मागच्या रमजानमध्ये विजापूर वेशीच्या बाजारात मैत्रिणींबरोबर तिने कानाला दुसरे छिद्र पाडून घेतले होते. ईदला दोन-दोन बाळ्या घातल्या, फोटो काढले. छिद्र बरे झाले. मग पावसाळ्यात त्या जागी हरभऱ्याएवढी गाठ आली, खाजू लागली. मैत्रिणीने टूथपेस्ट सुचवली. मोबाईलवर कुणीतरी लसूण ठेचून लावायला सांगितला. फुफीने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. दिवाळीच्या सुट्टीत शेजारणीने सुई तापवून टोचून पाहिली. रक्त आले, पू आला नाही. शेवटी दोरा आणि चुना.

तिचे नाव मी लिहीत नाही. तिच्या आईला विचारूनच हे लिहीत आहे. ती विड्या वळते. म्हणाली, "टीचर, लिहा. दुसऱ्या कुणाच्या लेकरावर आम्ही केले तसले उपाय व्हायला नकोत."

तुमच्यापैकी काहींना वाटेल, अडाणीपणा आहे, शिकलेल्या घरात असे होत नाही. म्हणून आधी माझ्याच घरचे सांगते.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या कानावर अशीच गाठ होती. तिचा रिश्ता ठरत होता. मुलाकडची मंडळी पाहायला यायची होती आणि अम्मीला रात्री झोप लागेना. मी बी.एड. झालेली, नोकरीला लागलेली, घरात माझे ऐकले जायचे. मीच म्हटले, "एवढी कसली काळजी? कापून टाकू, दहा मिनिटांचे काम." ओळखीतल्या एका दवाखान्यात नेले. त्यांनी गाठ कापली, दोन टाके घातले. कान अगदी साफ दिसला. निकाह झाला, फोटो छान आले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सहा महिन्यांनी ती माहेरी आली तेव्हा ओढणी कानावरून हलू देत नव्हती. गाठ परत आली होती आणि आता ती आवळ्याएवढी होती. पुढे चार वर्षे ती सासरी लग्नकार्यातसुद्धा कान झाकून बसायची. नणंदांना वाटायचे, नवी भाभी गर्विष्ठ आहे, दागिनेसुद्धा दाखवत नाही. त्या दिवशी आम्ही दवाखान्यात फक्त "किती पैसे?" एवढेच विचारले होते. "परत येईल का?" हे विचारायचे मलाही सुचले नव्हते.

म्हणून ही चूक मी कुण्या एका दादीच्या माथी मारत नाही. आपल्याला ही गाठ काय असते तेच माहीत नसते. माझ्या बहिणीच्या इलाजाच्या वेळी आणि आता या मुलीबरोबर जाताना डॉक्टरांकडून जे समजले, ते वर्गात समजावते तसे सांगते.

आपल्या अंगावर जखम झाली की शरीर ती भरून काढते. त्यासाठी ते कोलॅजन नावाचे धागे विणते. भोक बुजले, जखम भरली, की हे विणकाम थांबते आणि मागे एक वण राहतो. सोलापूरकरांना माग सांगायला नको. चादर पुरी झाली तरी माग थांबलाच नाही, तो विणतच राहिला, तर काय होईल? कापड मागाबाहेर येऊन ढीग लागेल. काही माणसांच्या कातडीत नेमके हेच होते. जखम भरली तरी धागे विणणे चालूच राहते, आणि वण जखमेची हद्द ओलांडून बाहेर वाढतो. याला केलॉइड म्हणतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अलिबेर नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीसाठीच्या शब्दावरून ते आले आहे, कारण ही वाढ नांगीसारखी बाजूच्या चांगल्या कातडीत शिरते. आधी त्याने कर्करोगाची आठवण करून देणारे नाव ठेवले होते; घोटाळा होऊ नये म्हणून मग ते बदलले. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: केलॉइड हा कर्करोग नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणि ती कुणाची नजरही नव्हे.

जखम झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेसुद्धा ही गाठ दिसू लागते. म्हणूनच आपल्याला कान टोचण्याशी तिचा संबंध लागत नाही. कानाची पाळी, छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग आणि जबडा या तिच्या आवडत्या जागा. दहा ते तीस या वयात ती जास्त दिसते. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांत तिचे प्रमाण जास्त आहे, आणि पुष्कळदा ती घराण्यात चालत येते. मुलांनाही होते. छातीवरच्या मुरुमानंतर किंवा दाढी करताना कापल्यावर आलेल्या जाड गाठी तुम्ही पाहिल्या असतील.

आता माझ्या या लेखातले मुख्य म्हणणे. केलॉइड ही जखमेला शरीराने दिलेली जास्तीची प्रतिक्रिया आहे. म्हणजे सुईने टोचणे ही नवी जखम. चुन्याने जाळणे ही नवी जखम. दोऱ्याने आवळणे, ब्लेडने कापणे, लसणाने पोळणे, सगळ्या नव्या जखमा. जी गाठ एका बारीक छिद्रातून उगवली, तिला आपण घरी बसून दहा पट मोठी जखम देतो आणि ती मरेल अशी आशा धरतो. ती मरत नाही. जगली-वाचली तर आणखी मोठी होते.

घराघरांत चालणारे उपाय एकेक करून पाहू.

दोरा किंवा केस बांधणे. देठ असलेली बारीक चामखीळ दोऱ्याने गळून पडलेली आपण पाहिलेली असते, म्हणून ही कल्पना येते. पण केलॉइडला सहसा देठ नसतो. तो पाळीच्या आत पसरलेला असतो. दोरा आवळला की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो, कातडी सडते, त्यात जंतू शिरतात. वरचा तुकडा पडला तरी आतला भाग तिथेच राहतो आणि वर उघडी जखम मिळते.

चुना आणि सोडा. पानाला लावायचा चुना तीव्र अल्कली आहे. आम्लाने भाजले तर वरचा थर जळून बहुधा तिथेच थांबतो. अल्कली कातडी विरघळवत आत आत जाते. कानाची पाळी केवढी जाड असते? बोटांच्या चिमटीत धरून पाहा. चुन्याला आरपार जायला तेवढे अंतर काही फार नाही. आमच्या मुलीच्या पाळीची कड अशीच गेली.

लसूण, लिंबू, सिरका. "घरातलीच वस्तू, नुकसान काय होणार?" असे आपण म्हणतो. ठेचलेला लसूण तासन्‌तास बांधून ठेवला तर कातडीवर फोड येतात, पोळल्यासारखी जखम होते. लिंबाचा रस लावून सोलापूरच्या उन्हात बाहेर पडलात तर त्या जागी कातडी भाजून काळे डाग पडू शकतात. सिरका म्हणजे आम्ल. रोज बोळा ठेवला तर तोही जाळतो. जेवणात जे पोटाला चालते ते उघड्या कातडीला चालतेच असे नाही.

ॲस्पिरिनची गोळी वाटून लावणे, टूथपेस्ट, चामखिळीचे औषध. यांतल्या ॲस्पिरिनने आणि टूथपेस्टने कातडीची आग होते, काहींना ॲलर्जी येते. पायाच्या कुरूपावर आणि चामखिळीवर लावायच्या द्रव औषधात कातडी गाळणारे आम्ल असते. टाचेच्या जाड कातडीसाठी बनवलेली वस्तू कानाला लावायची नसते.

मेडिकलची ट्यूब. गोरे करणारी, खाज थांबवणारी, "सगळ्याला चालणारी" म्हणून जी ट्यूब हातोहात मिळते, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. असे मलम वरून चोळले तर केलॉइडच्या टणक गाठीत ते नीट पोहोचत नाही. आजूबाजूची चांगली कातडी मात्र पातळ आणि पांढरी होते. अशा मलमांचा गैरवापर एवढा वाढला की २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी तरतूद केली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर रागावू नका. त्याचे बरोबर आहे.

सुई, ब्लेड, पिळणे. केलॉइडमध्ये पू नसतो, पाणी नसते. पिळून काही निघणार नाही. गॅसवर तापवलेल्या सुईने वरचे जंतू मरतील, पण तुमच्या बोटांवरचे आणि तिच्या कातडीवरचे मरत नाहीत.

गाठ पाळीवर नसून कानाच्या वरच्या कडेला असेल तर धोका आणखी वाढतो. पाळी नुसती मांसल असते. वरच्या कानात कूर्चा असते, म्हणजे मऊ हाड. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. तिथे जंतू शिरून पू झाला की आवरण कूर्चेपासून सुटते आणि कूर्चा उपाशी मरते. मग कान आक्रसतो, चुरगळतो. कुस्तीच्या फडात जुन्या पैलवानांचे मोडलेले कान पाहिलेत ना? तिथे मार लागून आत रक्त साकळते, इथे पू साकळतो. कूर्चेचे हाल सारखेच. तो कान पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कानाचा वरचा भाग लाल, गरम, सुजलेला आणि हात लावू देणार नाही इतका दुखत असेल, तर रात्र काढू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी एक गोष्ट. कानावरची प्रत्येक गाठ केलॉइड नसते. टोचल्यावर पहिल्या आठवड्यांतच आलेला, लाल, ओला, पटकन रक्त येणारा फोड वेगळा. नकली दागिन्यांतल्या निकेल धातूमुळे येणारी खाज आणि पाणी वेगळे. तिथे बाळी काढली की आराम पडू लागतो. पाळीच्या आत गोटीसारखी सरकणारी, मध्ये काळा ठिपका असलेली गाठ वेगळी. प्रत्येकीचा इलाज वेगळा. घरच्या उपायात सगळ्यांना एकच चुना लावला जातो.

"पण बाजी, पूर्वी कुणाला काही होत नव्हते," असे एका खालांनी मला ऐकवले. माझ्या नानीच्या कानाच्या काठाने बाळ्यांची रांग होती, हे मलाही आठवते. पण त्याच पिढीत कान कायम झाकून बसणाऱ्या बायकाही होत्या. त्यांना कुणी विचारले नाही, एवढेच. शिवाय तेव्हा कान तान्हेपणी किंवा चार-पाच वर्षांच्या आत टोचले जायचे. २००५ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय मासिकात एक छोटी पाहणी आली होती. कान टोचल्यानंतर केलॉइड झालेले लोक आणि त्यांचे टोचण्याचे वय त्यात पाहिले होते. अकरा वर्षांच्या आत टोचलेल्यांपेक्षा अकराव्या वर्षी किंवा त्यानंतर टोचलेल्यांत केलॉइड जास्त आढळला. पाहणी लहान होती, त्यावरून कायदा करता येणार नाही. पण आपल्या मुली दुसरे-तिसरे छिद्र नेमके चौदा-पंधराव्या वर्षी पाडून घेतात, हे ध्यानात ठेवायला हवे.

आता इलाज काय, ते सांगते.

त्या दिवशी मी मुलीच्या आईला शाळेत बोलावले. तिने पहिला प्रश्न विचारला तो खाड्याचा. एक दिवस सिव्हिलला गेले की त्या दिवशीच्या विड्या बुडाल्या. घरचा उपाय लोक हौसेने करत नाहीत. चुना फुकट असतो आणि त्यासाठी खाडा करावा लागत नाही, हे त्या वेळी मला नीट कळले. मी एवढेच म्हटले, "चुन्याने आधीच तीन आठवडे पोरीची शाळा खाल्ली. पुढे किती खाडे करायचेत?" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सिव्हिलला गेलो. आपले छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, तिथे त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. रांग होती, वेळ लागला. पण काम झाले.

डॉक्टर बाईंनी आधी दोरा कापला. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, जखम साफ केली, जंतूंवर गोळ्या दिल्या. गाठीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "आधी तुम्ही केलेली जखम बरी करू, मग गाठीचे बघू." जखम भरायला तीन आठवडे गेले.

त्यानंतर गाठीत इंजेक्शन सुरू झाले. ट्रायमसिनोलोन नावाचे स्टिरॉइड बारीक सुईने थेट गाठीच्या आत सोडतात. आधी मलमाच्या स्टिरॉइडबद्दल इशारा दिला आणि आता हे काय, असे तुम्ही विचाराल. फरक जागेचा, मापाचा आणि देणाऱ्या हाताचा आहे. हे इंजेक्शन दुखते, ते लपवत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने ते परत परत घ्यावे लागते. गाठ आधी मऊ होते, खाज थांबते, मग बसू लागते. त्या जागची कातडी थोडी पातळ किंवा फिकी होऊ शकते. मुलींची पाळी एखादा महिना पुढेमागे होऊ शकते. मधुमेह असेल तर साखर वाढू शकते. गरोदर असाल किंवा मधुमेह असेल तर ते आधीच सांगायचे.

याशिवाय द्रवरूप नायट्रोजनने गाठ गोठवतात. सावळ्या कातडीवर त्याने पांढरा डाग राहू शकतो. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल असते. ती दिवसाचे बारा तास आणि त्याहून जास्त, महिनोन्‌महिने वापरावी लागते, आणि तीही पूर्ण भरलेल्या कातडीवरच. कानाला दाब देणाऱ्या खास क्लिपा मिळतात. त्या घट्ट लावल्या तर पुन्हा जखम होते, म्हणून त्या मनाने आणून लावू नयेत.

आणि कापणे? कापतात, पण नुसते कापून सोडत नाहीत. नुसते कापले तर निम्म्याच्या आसपास ते जवळजवळ सगळ्याच गाठी परत येतात, असे वैद्यकीय पुस्तकांत आकडे आहेत. माझ्या बहिणीचे तेच झाले. म्हणून कापल्यानंतर लगेच इंजेक्शनांचा क्रम, दाबाची क्लिप, आणि काही मोठ्या माणसांत किरणोपचार, असे जोडून करतात. पुढे निदान वर्षभर तपासणीला जावे लागते. तिची दुसरी शस्त्रक्रिया अशा रीतीने झाली. त्याला आता सहा वर्षे झाली आणि अल्हम्दुलिल्लाह, कान नीट आहे.

डॉक्टरांसमोर गेलात की आपण गप्प बसतो. म्हणून हे प्रश्न वहीच्या कागदावर लिहून न्या:

१. ही गाठ केलॉइडच आहे का?
२. इंजेक्शने साधारण किती आणि किती दिवसांनी?
३. कापणार असाल तर परत येऊ नये म्हणून नंतर काय करणार?
४. किती महिने दाखवायला यायचे?
५. इलाज मध्येच सुटला तर काय होईल?

पाचवा प्रश्न विसरू नका. दोन इंजेक्शनांत खाज थांबली की आपण जाणे सोडतो, आणि गाठ पुन्हा डोके वर काढते.

घरी करण्यासारखे काहीच नाही का? आहे. जागा साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवून कोरडी ठेवा. चोळू नका, ओढू नका. त्या कानातला दागिना काढायचा की ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा. महिन्यातून एकदा त्याच उजेडात मोबाईलने फोटो काढून ठेवा. गाठ वाढते आहे की बसते आहे ते डॉक्टरांना त्यावरून पटकन समजते.

आणि आधीच काळजी घ्यायची असेल तर कान टोचण्यापूर्वी घरातल्या माणसांकडे पाहा. अम्मी, अब्बा, खाला, मामू, कुणाच्या अंगावर जाड वाढलेला वण आहे का? मुलीच्या दंडावरची लसीची खूण, गुडघ्यावर पडल्याचा वण, मुरुमाचा डाग उंच आणि टणक झाला आहे का? असेल तर टोचू नका. क्लिपचे झुमके आता चांगले मिळतात. टोचायचेच असेल तर पाळीलाच, एकच छिद्र, आणि डोळ्यांसमोर फोडलेल्या नव्या सुईने. बाजारातली टोचायची गन मुलींना आकर्षक वाटते, पण तिचे प्लास्टिकचे भाग उकळून निर्जंतुक करता येत नाहीत, आणि कानाच्या वरच्या कूर्चेवर ती चालवली तर कूर्चा चिरडते. एकाच्या रक्तातली कावीळ दुसऱ्याला जाण्याचा धोका असतो तो वेगळाच.

शेवटी रिश्त्याबद्दल. मुलीच्या दादीने चुना लावला तो रागाने लावला नव्हता. "पोर मोठी झाली, उद्या पाहायला येतील, कानावर गाठ दिसली तर काय म्हणतील," या भीतीने लावला. माझ्या अम्मीला हीच भीती होती आणि दहा मिनिटांत कापून आणायची घाई मला झाली ती याच भीतीने. या घाईने माझ्या बहिणीची चार वर्षे गेली आणि त्या मुलीच्या पाळीची कड गेली. हळू चालणाऱ्या इलाजाला वर्ष लागले तरी लागू द्या. ज्यांना मुलगी पसंत करायची आहे त्यांना सरळ सांगा की इलाज चालू आहे. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला पुढे खरे कळले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "आधी सांगितले असतेस तर मीच दवाखान्यात नेले असते."

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता दहावीत आहे. चार इंजेक्शने झाली. गाठ मऊ पडली आहे, बोराची आता वाटाण्याएवढी राहिली आहे. चुन्याने गेलेली पाळीची कड मात्र गेली ती गेली. तिथे खाच आहे आणि ती राहणार. पाचव्या इंजेक्शनची तारीख पुढच्या सोमवारी आहे. तिच्या आईने त्या दिवशीच्या विड्या आदल्या रात्री जागून वळायचे ठरवले आहे, आणि या वेळी दादी म्हणाली आहे, "मैं बी आती." तिच्या स्वतःच्या खांद्यावर तीस वर्षांपासून एक गाठ आहे, ती तिला दाखवायची आहे.